शंखाचे नाव

(समुद्रकिनाऱ्यावर सापडलेला एखादा शंख नव्या जातीचा आहे की नाही, हे कसे ठरवतात? नुसत्या कवचावरून प्राण्याची ओळख पटते का? या पाठात शंखांच्या वर्णनाची, नावांची आणि त्यात होणाऱ्या चुकांची हकिगत दिली आहे.)

मुलांनो, समजा, तुम्ही सुट्टीत आजोळी गेला आहात. आजोळ कोकणात आहे. श्रीवर्धनला म्हणा किंवा मुरुडला म्हणा. ओहोटी लागली आहे. पाणी लांब गेले आहे आणि ओल्या वाळूवर तुम्ही अनवाणी चालत आहात. पायाला काहीतरी टोचते. तुम्ही वाकून पाहता, तर तो एक शंख असतो. बोटाच्या पेराएवढा लहान, पिवळसर आणि त्यावर तपकिरी रेघा. असा शंख तुम्ही पूर्वी कधी पाहिलेला नाही. मामांना दाखवता. मामांचा जन्म समुद्रावर गेला, पण तेही म्हणतात, "हा काही माझ्या ओळखीचा नाही."

मग हा शंख अगदी नवीन असेल का? जगात आजवर कोणीच न पाहिलेला?

प्रश्न सोपा वाटतो. पण त्याचे उत्तर द्यायला तज्ज्ञांनाही कधी कधी वर्षानुवर्षे लागतात. शिवाय एवढे करून चूक होते ती निराळीच!

प्रथम शंख म्हणजे काय ते पाहू. ज्याला आपण शंख म्हणतो ते गोगलगायीचे घर असते. उर्दूत गोगलगायीला घोंघा म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहेच. जमिनीवर गोगलगायी असतात, तशा समुद्रातही असतात. समुद्रातल्या गोगलगायींच्या जाती तर हजारो आहेत. त्यांचे शरीर मऊ असते. त्याला हाडे नसतात. म्हणून त्या आपल्या अंगातून चुना बाहेर टाकून स्वतःभोवती कठीण कवच बांधतात. प्राणी वाढला की तो कवचाच्या तोंडाशी नवा चुना चढवतो आणि कवच गोल गोल फिरत मोठे होत जाते.

यातली गंमत अशी, की गोगलगाय जुने घर टाकून देत नाही. तिचे लहानपणीचे घर शंखाच्या टोकाशी तसेच राहते. भिंग घेऊन शंखाचे टोक पाहा. तेथे एक इवलासा, बहुधा गुळगुळीत भाग दिसतो. अंड्यातून बाहेर पडण्याच्या सुमाराचे ते कवच असते. आपण त्याला बालकवच म्हणू. या बालकवचाला पुष्कळ लहान लहान वेढे असतील, तर बहुधा ते पिल्लू काही दिवस पाण्यात तरंगत दूरवर गेले असावे. वेढे थोडे आणि मोठे असतील, तर पिल्लू जन्मापासून तळाशीच सरपटले असावे. म्हणजे प्राणी मरून गेला, तरी त्याच्या बालपणाची बातमी शंखाच्या टोकावर लिहिलेली राहते. मला स्वतःला शंखाचा हाच भाग सर्वांत जास्त आवडतो. पण किनाऱ्यावरच्या शंखांचे नेमके टोकच झिजलेले असते!

आता तुमचा शंख हातात घ्या. टोक वर करा आणि तोंड आपल्याकडे करा. शास्त्रज्ञ शंख असाच धरतात. बहुतेक शंखांचे तोंड उजव्या हाताला येते. डाव्या हाताला आले, तर तो डावा शंख. येथे एक घोटाळा लक्षात ठेवा. आपल्याकडे पूजेत ज्याला 'दक्षिणावर्ती' म्हणजे उजवा शंख म्हणतात आणि जो फार दुर्मीळ मानतात, तो शास्त्राच्या भाषेत डावा असतो. कारण पूजेतला शंख टोक खाली करून पाहतात आणि शास्त्रज्ञ टोक वर करून पाहतात. वस्तू तीच, पण धरण्याची रीत बदलली की वर्णन उलटे होते. म्हणून वर्णन करताना सर्वांनी एकच रीत पाळायची असते.

त्यानंतर मोजमाप. शंखाची उंची किती मिलिमीटर, रुंदी किती, वेढे किती, शेवटचा वेढा पूर्ण उंचीच्या किती भाग, हे सर्व लिहायचे. दोन वेढ्यांमधला सांधा खोल आहे की उथळ? वेढ्यांवर उभ्या कण्या आहेत की आडव्या रेघा? त्या किती आहेत? त्या एकमेकींना छेदतात तेथे गाठी होतात का? तोंड लांबट आहे की गोल? तोंडाचा बाहेरचा ओठ जाड आहे की धारदार? आत दात आहेत का? खाली नळीसारखी खाच आहे का? रंग तर सर्वांत शेवटी लिहायचा, कारण रंग फसवतो. उन्हात पडलेला शंख काही महिन्यांत फिका पडतो.

'सुंदर', 'मोठा', 'नाजूक' असे शब्द येथे उपयोगाचे नाहीत. 'मोठा' म्हणजे किती मोठा? हजारो मैलांवर बसलेल्या माणसाने शंख न पाहता केवळ वर्णन वाचावे आणि आपल्या हातातला शंख तोच आहे की वेगळा, हे त्याला सांगता यावे. वर्णनाची खरी परीक्षा हीच आहे.

अशी वर्णने करणाऱ्यांमध्ये एक माणूस फार विलक्षण होऊन गेला. त्याचे नाव गेओर्ग एबरहार्ड रुंफियस. त्याचा जन्म १६२७ साली जर्मनीत झाला. तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला आणि आजच्या इंडोनेशियातील अंबोन बेटावर येऊन राहिला. तेथल्या वनस्पती, खेकडे, शंख-शिंपले यांचे त्याला वेड लागले. तो पाहत होता, लिहीत होता, चित्रे काढीत होता. आणि १६७० साली तो आंधळा झाला.

ज्याचे सारे काम डोळ्यांचे, त्याचे डोळेच गेले. चार वर्षांनी, १६७४ साली, अंबोनला मोठा भूकंप झाला. त्यात त्याची पत्नी आणि एक मुलगी दगावली. १६८७ साली आग लागली. पुस्तके जळाली, चित्रे जळाली. तरी रुंफियस थांबला नाही. तो सांगत असे आणि दुसरे लिहून घेत. चित्रे दुसऱ्यांकडून पुन्हा काढून घेतली. शंख पाहायला त्याच्यापाशी बोटे तेवढी उरली होती. वरती मी वेढे, सांधे, कण्या, गाठी, ओठ, दात अशी यादी दिली. ती पुन्हा वाचा. रंग सोडला, तर त्यातली बहुतेक लक्षणे बोटांनी कळण्यासारखी आहेत!

रुंफियस १७०२ साली वारला. शंख-शिंपल्यांवरचे त्याचे पुस्तक १७०५ साली छापून निघाले. ते त्याच्या हाती पडले नाही. या पुस्तकात एक दुःखद नोंद आहे. बांदा बेटावरच्या एका गुलाम स्त्रीने समुद्रातून एक शंकूच्या आकाराचा शंख उचलून हातात धरला. चालता चालता हाताला किंचित खाज सुटल्यासारखे झाले आणि ती मरण पावली. या शंखाची आठवण ठेवा. आपल्याला पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

रुंफियसच्या काळी शंखांना ठरावीक नावे नव्हती. एकाच शंखाला डच लोक एक म्हणत, मलायी लोक दुसरे म्हणत आणि पुस्तकात लॅटिनमधले चार-पाच शब्दांचे लांबलचक नाव असे. स्वीडनच्या कार्ल लिनिअसने हा गोंधळ मोडला. त्याने प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द कुळाचा, दुसरा त्या जातीचा. आपल्या नावात आडनाव असते ना, तसेच हे. फक्त येथे आडनाव आधी येते. त्याच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणना आजही त्याच सालापासून करतात. पुष्कळ शंखांना नावे देताना लिनिअसने रुंफियसच्या पुस्तकातल्या चित्रांचा आधार घेतला. म्हणजे आंधळ्या माणसाच्या पुस्तकातली चित्रे पाहून डोळस माणसाने नावे दिली.

शंकूच्या आकाराच्या शंखांचे कूळ लिनिअसने 'कोनस' असे लिहिले. या कुळातला एक शंख पुढे सर्वांत प्रसिद्ध झाला. त्याची हकिगत मात्र जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. तेथे योहान हिरोनिमस केमनिट्स नावाचे एक धर्मोपदेशक होते. सैनिकांच्या वसाहतीत प्रवचने करणे हे त्यांचे काम आणि शंख हा त्यांचा छंद. १७७७ साली त्यांनी एका अत्यंत दुर्मीळ शंखाचे वर्णन छापले. शंख हाताच्या पंजाहून थोडा लहान, लांब आणि निमुळता. त्याचे शिखर उंच. पांढरट भूमीवर सोनेरी-तपकिरी रेघांचे इतके बारीक जाळे, की जणू शेकडो चिमुकले तंबू एकमेकांना चिकटून उभे केले आहेत. या शंखाचे नाव 'ग्लोरिया मारिस'. अर्थ, समुद्राचे वैभव. पुढे शास्त्रात तो 'कोनस ग्लोरियामारिस' या नावाने रूढ झाला आणि नावापुढे 'केमनिट्स, १७७७' असे लिहिले जाऊ लागले. शास्त्रीय नावापुढे वर्णन करणाऱ्याचे नाव आणि साल लिहिण्याची पद्धत आहे. त्यामुळे पहिले वर्णन कोणी आणि केव्हा केले, हे कोणालाही शोधता येते.

एक गोष्ट ध्यानात घ्या. केमनिट्स यांच्यापुढे फक्त कवच होते. हा शंख ज्या पूर्वेकडच्या उष्ण समुद्रात राहतो, तो त्यांच्यापासून हजारो मैल दूर होता. आतला प्राणी कसा आहे, तो काय खातो, किती खोल पाण्यात राहतो, यांपैकी काही त्या कवचावर लिहिलेले नव्हते. तरीही त्यांचे वर्णन टिकले. आज जवळजवळ अडीचशे वर्षांनंतरही ती जात त्याच नावाने ओळखली जाते.

हा शंख मिळत नसे, म्हणून श्रीमंत हौशी लोक त्याच्यासाठी वेडे झाले. एका संग्राहकाने लिलावात दुसरा ग्लोरियामारिस विकत घेतला आणि आपला पहिला एकमेव राहावा म्हणून तो तेथल्या तेथे पायाखाली चिरडला, अशी कथा सांगतात. ती खरी असेलच असे नाही. पण अशी कथा लोकांना खरी वाटली, यावरून त्या वेडाची कल्पना येते. इंग्रज संग्राहक ह्यू कमिंग १८३६ ते १८४० या काळात फिलिपिन्स बेटांवर शंख गोळा करीत हिंडला. तेथे बोहोल बेटाजवळच्या खडकांत त्याला हा शंख सापडला, तेव्हा आनंदाने त्याला मूर्च्छा यायचीच बाकी होती, असे म्हणतात. १९५१ साली तर न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातून एक ग्लोरियामारिस चोरीला गेला! त्या सुमारास साऱ्या जगात मिळून असे शंख काही डझनच माहीत होते.

आणि मग १९६९ साल उजाडले. प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांपैकी ग्वादलकनाल बेटाजवळ पाणबुड्यांना खोल पाण्यात या शंखांची वस्तीच सापडली. एकदोन नव्हे, शंभरांवर शंख वर आले. किंमत धडाधड उतरली. दुर्मीळ शंख मुळी दुर्मीळ नव्हताच. तो आपल्या जागी सुखाने राहत होता. माणूसच तेथवर पोहोचला नव्हता.

किंमत उतरली, पण वर्णन उतरले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. नव्या शंखांशी १७७७ चे वर्णन ताडून पाहता आले आणि तीच ही जात, असे म्हणता आले.

सगळीच वर्णने अशी भाग्यवान नसतात. आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेऊ. युरोपच्या आणि उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील खडकांना एक लहानशी, करड्या रंगाची गोगलगाय चिकटलेली असते. तिचे नाव 'लिटोरिना सॅक्सॅटिलिस'. १७९२ साली ओलिव्ही नावाच्या इटालियन अभ्यासकाने तिचे वर्णन केले. तेथेच काम संपायला हवे होते. पण त्यानंतर कोणाला ती लहान दिसली, कोणाला मोठी. कोणाला पातळ, कोणाला जाड. कोणाला पिवळी, कोणाला पट्ट्यांची. प्रत्येकाला वाटले, आपल्याला नवी जात सापडली! प्रत्येकाने वर्णन छापले, नाव दिले. एकाच गोगलगायीला अशी शंभराहून अधिक नावे पडली.

असे का झाले? ती माणसे आळशी नव्हती. खोटे तर कोणी लिहिले नव्हते. त्यांचे मोजमापही चुकले नव्हते. चूक झाली ती वेगळीच. ही गोगलगाय जशी जागा तसे घर बांधते. जेथे लाटा जोरात आपटतात, तेथे तिचे कवच लहान, पातळ आणि तोंड रुंद असते, म्हणजे पाय मोठा ठेवून खडकाला घट्ट धरता येते. जेथे खेकडे फार, तेथे कवच मोठे, जाड आणि तोंड अरुंद असते, म्हणजे खेकड्याचा आकडा आत शिरत नाही. शिवाय तिची पिल्ले पाण्यात तरंगत दूर जात नाहीत. ती तिच्या पोटातूनच कवचासह बाहेर येतात आणि जवळपासच राहतात. म्हणून प्रत्येक किनाऱ्यावरची मंडळी थोडी थोडी निराळी दिसतात.

यावर कोणी म्हणेल, "मग सारखे दिसणारे सगळे शंख एकाच जातीचे मानावे, म्हणजे झाले!" तेही चालत नाही. याच गोगलगायीची एक बहीण आहे, 'लिटोरिना अर्काना'. दोघींची कवचे इतकी सारखी, की तज्ज्ञही फसतात. पण एक पिल्ले देते आणि दुसरी अंडी घालते. १९७८ सालापर्यंत या बहिणीला स्वतःचे नावच नव्हते. एकाच खडकावर दोन जाती नांदत होत्या आणि आपण त्यांना एकच समजत होतो. म्हणजे कवच दोन्ही बाजूंनी फसवते. एकाचे अनेक दाखवते आणि दोघांचे एकही दाखवते.

म्हणून आज एका शंखावरून नवी जात जाहीर करायला शास्त्रज्ञ कचरतात. शक्य तर ते लहानमोठे पुष्कळ शंख जमवतात. आतला प्राणी मिळाला, तर त्याची जीभ तपासतात. गोगलगायीच्या जिभेवर दातांची बारीक पट्टी असते आणि त्या दातांचा आकार जातीनुसार वेगळा असतो. आता पेशींमधील डीएनएही तपासता येतो. पण खोल समुद्रातून कधी कधी रिकामे कवचच तेवढे वर येते. प्राणी केव्हाच मेलेला असतो. अशा वेळी आजही कवचावरच भिस्त ठेवावी लागते आणि डोळ्यांत तेल घालून वर्णन करावे लागते.

"पण नाव चुकले तर एवढे काय बिघडले? गोगलगाय ती गोगलगाय!" असे तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. त्यांनी आता बांदा बेटावरच्या त्या स्त्रीची आठवण करावी.

कोनस कुळातल्या गोगलगायी शिकारी असतात. त्यांच्या जिभेवरचा दात पोकळ, भाल्यासारखा असतो. तो भक्ष्याच्या अंगात मारून त्या विष सोडतात. काही किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी खातात, तर काही चक्क मासे पकडतात. काही जातींचे विष माणसालाही ठार करते आणि त्यावर उतारा नाही. या कुळात आठशेहून अधिक जाती आहेत आणि प्रत्येक जातीचे विष निराळे. फिलिपिन्समध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत या विषांचा अभ्यास केला. 'कोनस मेगस' नावाच्या गोगलगायीच्या विषात त्यांना एक असे द्रव्य सापडले, की जे वेदनेची बातमी मेंदूकडे जाऊ देत नाही. त्यावरून 'झिकोनोटाइड' नावाचे औषध तयार झाले. २००४ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. इतर औषधांनी ज्यांच्या असह्य वेदना थांबत नाहीत, अशा रुग्णांना ते पाठीच्या कण्यातून देतात.

या 'कोनस मेगस'चे वर्णन लिनिअसने १७५८ साली केले होते. औषधाची त्याला कल्पनाही नव्हती. पण त्याने दिलेले नाव होते, म्हणून कोणत्या गोगलगायीचे विष काढले, हे जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेला नेमके सांगता आले. जवळच्याच एखाद्या जातीचे विष घेतले असते, तर हे द्रव्य मिळालेच असते असे नाही. नाव चुकले, तर प्रयोग चुकतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. १८९३ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका शास्त्रीय मंडळाच्या अंकात एक लेख आला. लेखक जेम्स कॉस्मो मेल्व्हिल. विषय, मुंबईचे पंचवीस नवे सागरी शंख-शिंपले. हे नमुने मुंबईत अलेक्झांडर अबरक्रॉम्बी यांनी गोळा केले होते. विचार करा, ज्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे कोळी जाळी टाकत आले, मुले खेळत आली, तेथेच शास्त्राला अज्ञात असलेल्या जाती निघाल्या! कोळ्यांना त्या माहीत असतीलही, पण त्यांना कोणी विचारले नव्हते.

नव्या जातीचे वर्णन ज्या नमुन्यावरून करतात, तो मूळ नमुना जपून ठेवायचा असतो. पुढे शंका आली, तर तोच पाहावा लागतो. मेल्व्हिल यांचा मोठा संग्रह आज ब्रिटनमध्ये, वेल्समधील कार्डिफ शहराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या काळी आपल्या देशातून गोळा केलेल्या अनेक जातींचे मूळ नमुने असेच परदेशी गेले. म्हणून आपल्याच किनाऱ्यावरचा शंख ओळखायला आपल्या अभ्यासकाला कधी कधी सातासमुद्रापलीकडच्या कपाटातला शंख पाहावा लागतो. आता छायाचित्रांमुळे हे काम थोडे सोपे झाले आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ साली कोलकात्यात स्थापन झाली. आपल्या देशातले नमुने तेथेही जतन करून ठेवले जातात.

आणि तुमच्या हातातला तो शंख? तो कदाचित नवा नसेल. बहुधा तो एखाद्या ओळखीच्या जातीचे लहान पिल्लू असेल किंवा उन्हाने फिका पडलेला असेल. कदाचित तो तेथला नसेलही. रिकाम्या शंखात घर करणारे खेकडे तो पाठीवर घेऊन दूरवर हिंडतात आणि लाटाही आणून टाकतात. आत जिवंत प्राणी असेल, तर तो लगेच पाण्यात सोडून द्या. काही जातींचे शंख बाळगायला कायद्यानेही बंदी आहे. रिकामा असेल, तर गोड्या पाण्याने धुऊन काडेपेटीत ठेवा. सोबत कागदाची एक चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा, कारण शाई ओलाव्याने पसरते. कोठे सापडला, कोणत्या तारखेला, वाळूत की खडकात, ओहोटी होती की भरती, एवढे चार शब्द पुरेत. संग्रहालयात असे पुष्कळ सुंदर शंख पडून आहेत, की ज्यांची चिठ्ठी हरवली आहे. त्यांच्याकडे पाहून अभ्यासक नुसता उसासा टाकतो आणि कपाट बंद करतो.

शब्दार्थ
आजोळ – आईच्या माहेरचे गाव. अनवाणी – पायांत चपला-जोडे न घालता. वेढा – वळसा, फेरा. निमुळता – टोकाकडे बारीक होत जाणारा. दगावणे – मरण पावणे. ताडून पाहणे – तुलना करून पाहणे. भक्ष्य – शिकार, खाद्य. उतारा – विषावरचे औषध. भिस्त – भरवसा. कचरणे – मागेपुढे पाहणे. डोळ्यांत तेल घालून – अतिशय काळजीपूर्वक.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गोगलगाय आपले कवच कशापासून बांधते?
(आ) शास्त्रज्ञ शंख कसा धरून पाहतात?
(इ) रुंफियस कोणत्या साली आंधळा झाला?
(ई) 'ग्लोरिया मारिस' या नावाचा अर्थ काय?
(उ) चिठ्ठीवर शाईने का लिहू नये?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शंखाच्या वर्णनात 'मोठा' किंवा 'सुंदर' हे शब्द का चालत नाहीत?
(आ) १९६९ साली कोनस ग्लोरियामारिसची किंमत का उतरली?
(इ) 'लिटोरिना सॅक्सॅटिलिस'ला शंभराहून अधिक नावे का पडली?

प्र. ३. सविस्तर उत्तर लिहा.
"कवच दोन्ही बाजूंनी फसवते." हे विधान पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

प्र. ४. 'किंमत', 'कायदा', 'खर्च', 'जाहीर' हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. असे आणखी पाच शब्द शोधून त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

प्र. ५. अनेकवचन लिहा : शंख, गोगलगाय, वेढा, रेघ, शिंपला, चिठ्ठी.

उपक्रम : एक शंख, शिंपला किंवा बी घ्या. त्याचे नाव न सांगता दहा ओळींत वर्णन लिहा. वर्गातील मित्राने ते वाचून अनेक वस्तूंमधून तुमची वस्तू ओळखून काढावी.